सिस्टरबाईंच्या अंगणातलं इंजिन

डिझेल गाडीखाली तेलाचा डाग दिसला की मालक डागाच्या बरोबर वर बोट दाखवतो आणि म्हणतो, "मिस्त्री, इथून गळते." बहुतेक वेळा तिथून गळत नसतं. इंजिनाच्या वरच्या झाकणातून निघालेलं तेल मागच्या अंगाने ओघळत येतं, कुठल्या तरी बोल्टावर थांबतं, गाडी धावली की वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि भलत्याच ठिकाणी टपकतं. म्हणून गळती शोधणं हे काम गळती बंद करण्यापेक्षा अवघड. आमच्या धंद्यात माणसाची परीक्षा तिथे होते.

दिग्रसला कापूस बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं गॅरेज होतं. जमिनीत सिमेंटचा खड्डा, वर चेनपुली, आणि दारावर पेंटरकडून लिहून घेतलेली पाटी: यूसुफ मिस्त्री, डिझेल स्पेशालिस्ट. 'स्पेशालिस्ट' हा शब्द पेंटरने स्वतःहून घातला होता, पण मी तो पुसला नाही. हंगामात जिनिंगचे ट्रक, व्यापाऱ्यांच्या जीपा, अडत्यांच्या गाड्या दाराशी रांगेत उभ्या असायच्या. गिऱ्हाईकही एकेक नमुना. एक कापूस दलाल रात्री जीपखाली परात ठेवायचा, सकाळी त्यात जमलेलं तेल धोतराच्या फडक्यातून गाळून परत इंजिनात ओतायचा आणि बाजारात सांगायचा की माझी जीप तेल खातच नाही. त्याची गळती मी कधीच दुरुस्त करू शकलो नाही, कारण त्याच्या मते ती नव्हतीच.

मग कापसाचे ते वाईट हंगाम आले. एकामागून एक आले. जिनिंगचे भोंगे कमी झाले, काही तर कायमचे थांबले. ट्रक दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ लागले. ज्यांच्याकडे गाडी होती ते जुनीच गाडी ओढत राहिले आणि ती गॅरेजला सोडून जायला कुणी तयार होईना. "घरी येऊन पाहता का, मिस्त्री?" असं विचारू लागले. मी नाही म्हणायचो. खड्डा माझा इथे, पुली इथे, घरी येऊन मी काय गाडीला वारा घालू? माझ्या उस्तादांनी मला शिकवलं होतं की गाडी मिस्त्रीच्या दारात येते, मिस्त्री गाडीच्या दारात जात नाही. मी ते पाळत होतो.

ते न पाळणारा एक माणूस निघाला. गजानन फिटर.

गजानन दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये फिटर होता. बेअरिंग, पट्टे, ऑइल इंजिन, सगळं तो सांभाळायचा. जिनिंग बंद पडली तसा तो बोरी अरबजवळच्या आपल्या गावी परत गेला. सायकलच्या मागे पान्यांची पिशवी बांधून लोकांच्या अंगणात गाड्या दुरुस्त करत फिरू लागला. गॅरेजमध्ये एक दिवसही काम न केलेला माणूस! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. जिनिंगचं सरकी काढणारं रेचण आणि मोटारीचं इंजिन यात काही फरक आहे की नाही? मग एकेका गिऱ्हाइकाचं नाव त्याच्या नावाशी जोडून कानावर येऊ लागलं. दारव्ह्याचे वकील. पिठाच्या गिरणीवाला. मी कुणाला काही विचारत नव्हतो. पण चहाच्या टपरीवर बोरीकडून आलेला माणूस दिसला की मी जरा जवळ सरकून बसायचो.

तरी एक गाडी माझी होती. ती कुठे जाणार नाही याची मला खात्री होती.

बोरी अरबला सुमनबाई नावाच्या नर्सबाई होत्या. सगळा गाव त्यांना सिस्टरबाई म्हणायचा. त्यांचे मिस्टर दिग्रसच्या जिनिंगमध्ये मॅनेजर होते. तीच जिनिंग, जिथे गजानन फिटर होता. साहेब रोज बोरीहून दिग्रसला जायचे-यायचे आणि त्यासाठी त्यांनी एक जुनी डिझेल कार घेतली होती. पांढरी, गोल टपाची, आवाजाने दोन गल्ल्या आधी ओळखू येणारी. साहेब अचानक वारले. लोक म्हणाले, बाई आता गाडी विकतील. बाई माझ्या गॅरेजला आल्या आणि म्हणाल्या, "यूसुफभाऊ, मला ही चालवायला शिकवा."

मी शिकवलं. बाजार नसेल त्या दिवशी बाजाराच्या मोकळ्या पटांगणात. बाई घाबरल्या नाहीत, फक्त गिअर बदलताना ओठ घट्ट मिटायच्या. निवृत्त झाल्यावरही आसपासच्या खेड्यांतल्या अडलेल्या बायांना त्या स्वतःच्या गाडीत घालून दारव्ह्याला, वेळ पडली तर यवतमाळला नेत. स्टिअरिंगवर लुगडं नेसलेली बाई, मागे कण्हणारी सून आणि तिची सासू, हे दृश्य त्या रस्त्यावर सगळ्यांच्या ओळखीचं होतं. त्या गाडीचं इंजिन, ब्रेक, स्प्रिंगचे पाटे, सगळं माझ्या हातचं. कुणी विचारलं की मी सांगायचो, सिस्टरबाईंची गाडी माझ्याकडे असते. तेवढं सांगितलं की माझं काम झालं.

तर त्या गाडीखाली तेलाचा डाग पडू लागला. बाई दिग्रसला आल्या तेव्हा मी खड्ड्यात उतरून पाहिलं. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात तिथून थेंब येत होता. हात आत घालून चाचपलं. मागचं सील गेलं होतं. इंजिनातला फिरणारा दांडा जिथून बाहेर येतो तिथे तेल अडवायला एक गोल सील असतं. ते बदलायचं तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, क्लच काढावा लागतो, त्यामागचं इंजिनाचं मोठं चाक काढावं लागतं. मी बाईंना सांगितलं, "गाडी ठेवून जा. आठवडा लागन, वरही लागन थोडा."

"आठवडाभर गाडी नाही?" बाई म्हणाल्या. "दोघी-तिघींचे दिवस आत्ता भरत आले आहेत, यूसुफभाऊ. पाहते पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात बाई आल्या नाहीत. त्यानंतरही नाही. एके दिवशी टपरीवर यवतमाळ गाडीचा कंडक्टर माझ्या बाजूला बसला.

"यूसुफभाऊ, सिस्टरबाईची गाडी तुमच्याकडेच होती न?"

"होती म्हंजे? हाय."

"मंग थो गजानन फिटर आंगनात खोलून काहून बसला?"

माझा चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजची जबाबदारी माझ्या मेव्हण्यावर टाकली आणि स्वच्छ शर्ट घातला. जुबेदा, माझी बायको, दारातून पाहत होती.

"कहाँ चले?"

"बोरीले. काम आहे."

"काम है या जलन है?"

बसमध्ये बसून दारव्ह्यापर्यंत तेच डोक्यात फिरत होतं. जलन कसली? माझी गाडी आहे, मी पाहायला चाललो.

बाईंच्या अंगणात सीताफळाच्या झाडाखाली गाडी उभी होती, बॉनेट उघडं. गजानन त्यात वाकलेला. अंगाने सडपातळ, पिकलेल्या मिशा, डोक्याला रुमाल. त्याच्या हातात तोंडाला लावायच्या पावडरचा डबा होता. तो इंजिनावर पावडर झटकत होता. मला वाटलं, हा इंजिनाची वेणीफणी करून राह्यला की काय.

"नमस्कार यूसुफभाऊ," मान वर न करता तो म्हणाला. "बरं झालं आले. पाहा न जरा."

बाई ओसरीवरून उठल्या. "या, या. चहा टाकते." जणू मी सोयरा म्हणून आलो होतो. त्यांच्या चेहऱ्यावर अवघडलेपण दिसेल असं मला वाटलं होतं. ते कुठेच नव्हतं आणि तेच मला जास्त लागलं.

गजाननने सगळं इंजिन डिझेलने धुतलं होतं, फडक्याने कोरडं केलं होतं आणि वर पावडर मारली होती. गळती शोधायची ही पद्धत मलाही माहीत होती, काही नवी नव्हती. त्याने बाईंना इंजिन चालू करायला सांगितलं. धडधड करत ते चाललं. आम्ही दोघं वाकून पाहत होतो. थोड्या वेळाने वरच्या झाकणाच्या मागच्या कोपऱ्यात पांढऱ्या पावडरमध्ये एक काळी रेघ उमटली आणि हळूहळू खाली सरकू लागली.

"वरून येऊन राह्यलं," गजानन म्हणाला.

"खालूनही येते," मी म्हणालो. "मागचं सील गेलं आहे. मी हातानं पाह्यलं."

"असन न. पन वरचं बंद झाल्याबिगर खालचं किती हाय थे कसं समजन?"

तो बरोबर होता. मीही बरोबर होतो. पण बाई त्याच्याकडे पाहून मान हलवत होत्या.

त्याने झाकण काढलं. कुणीतरी कधीतरी जास्त आवळल्यामुळे झाकणाची कड वाकली होती. ती त्याने लाकडी ठोकळ्यावर ठेवून हलक्या हाताने सरळ केली. मग कॉर्कचा पत्रा झाकणाच्या कडेवर ठेवून गोल तोंडाच्या हातोडीने टिचक्या मारत गेला. जिथे टिचकी बसेल तिथे कॉर्क झाकणाच्या कडेच्या आकारात कापला जात होता. मी तयार पॅकिंग बाजारातून आणायचो. जिनिंगमध्ये यंत्राचं पॅकिंग बाजारात कुठे मिळतं? तिथे ते हातानेच कापावं लागतं. त्याचा हात इतका सुंदर चालत होता की मी दुसरीकडे पाहिलं. सीताफळाच्या झाडावर एक फळ पिकलेलं होतं. मी त्या फळाकडे पाहत राहिलो.

पॅकिंग अर्धं कापून झालं होतं तेवढ्यात फाटकातून एक माणूस मोटरसायकल तशीच टाकून धावत आला. शेजारच्या तांड्यावरचा. त्याच्या सुनेला सकाळपासून कळा सुरू होत्या आणि आता तिचे हातपाय गार पडू लागले होते. सरकारी गाडी दुसऱ्या पेशंटला घेऊन यवतमाळला गेली होती.

"बाई, लवकर चला जी. थे बोलूनच नाही राह्यली."

बाईंनी इंजिनाकडे पाहिलं. झाकण बाहेर, आतली दांड्यांची रांग उघडी. मग आम्हा दोघांकडे पाहिलं.

"होते का?" त्यांनी विचारलं.

गजानन आणि मी एकदमच "होते" म्हणालो. त्या वेळी मला जलन-बिलन काही आठवली नाही, हे मी खरं सांगतो. त्याने उरलेला कॉर्क सपासप कापला. मी झाकण पुसून धरलं. मागचे नट अडचणीच्या जागी होते, माझा हात लांब, म्हणून ते मी लावायला घेतले.

"जास्त कसू नका, यूसुफभाऊ. परत कड वाकन."

मला! माझ्या दारावरच्या पाटीवर स्पेशालिस्ट लिहिलेलं. मी दात आवळले आणि नट मात्र हलकेच आवळले. तेल ओतलं. गाडी चालू झाली. झाकणाच्या कडेला मी बोट फिरवलं, कोरडं होतं.

बाईंनी पदर खोचला, सामानाची पिशवी मागे टाकली आणि स्टिअरिंगवर बसल्या. सून तांड्यावरून घ्यायची होती. वाटेत तेल कमी झालं तर पाहायला कुणीतरी सोबत पाहिजे होतं. मी पुढचं दार उघडलं होतं. माझा एक पाय आत होता म्हटलं तरी चालेल.

"गजाननभाऊ, तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "यूसुफभाऊ, तुम्ही तेवढं घर पाहा."

मी पाय काढून घेतला. गजानन तेलाचा डबा मांडीवर घेऊन बसला. गाडी धूर सोडत फाटकातून गेली.

घर पाहायचं म्हणजे काय करायचं? मी अंगणातलं सांडलेलं डिझेल मातीने झाकलं. त्याचे पाने पुसून ओळीत लावले. त्या पान्यांवर जिनिंगचे जुने नंबर ठोकलेले होते. कॉर्कचा उरलेला तुकडा उचलून मी त्याची कापलेली कड उन्हात धरून पाहिली, कुठे वाकडी गेली का ते. कुठेच गेली नव्हती. मग मी ओसरीवर बसलो. माझ्या गाडीत, मी चालवायला शिकवलेल्या बाईच्या बाजूला तो बसून गेला होता आणि मी त्यांच्या घराची राखण करत होतो. इतकं वाईट मला गॅरेज रिकामं पडलं तेव्हाही वाटलं नव्हतं.

संध्याकाळ व्हायच्या आत ते परत आले. मुलगी झाली होती, दोघी ठीक होत्या. बाईंच्या डोळ्यांत थकवा आणि आनंद होता. मीही खूश झालो. मग सवयीने गाडीखाली हात घातला. बोटाला एक थेंब लागला.

"टपकते अजून," मी म्हणालो. "थोडंसं हाय, पन हाय. मी सांगतलं होतं, सील गेलं आहे."

आता माझा शब्द खरा ठरला होता. मुलगी झाल्यावर जेवढा आनंद झाला त्यापेक्षा या थेंबाचा थोडा जास्तच झाला असेल.

"टपकू द्या," बाई म्हणाल्या. "खाली ताटली ठेवीन."

मी घरी आलो आणि मला काही उमजेना. गळती पुरती बंद झाली नव्हती, तरी बाई समाधानी होत्या. पुढेही त्या गजाननलाच बोलावत राहिल्या. कंडक्टर खबरा आणत होता: बाईंनी त्याला हॉर्न पाहायला बोलावलं, मग दाराची कडी, मग वायपर. एका गाडीला इतके आजार नसतात. मी जुबेदाला म्हणालो, "त्या माणसात असं काय आहे?" ती म्हणाली, "मुझे क्या पूछते, बाई से पूछो." ते मी कसं विचारणार?

पुढचा पावसाळा सरता सरता तेल क्लचवर जाऊ लागलं. क्लचवर तेल गेलं की इंजिन नुसतं ओरडतं आणि गाडी पुढे ओढत नाही. थंडी पडली तेव्हा बाई एका चढावर अडकल्या. आता गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नव्हता. मी म्हटलं, आता येते गाडी माझ्या खड्ड्यावर. गाडी आली नाही. कंडक्टरजवळ निरोप आला: यूसुफभाऊंना सांगा, जॅक आणि सामान घेऊन या, गाडी अंगणातच खोलायची आहे, गजाननभाऊ आहेत, पण त्यांनी गिअरबॉक्स कधी उतरवला नाही.

मी जुबेदाला म्हणालो, "मी जात नाही. माझा खड्डा इथे आहे."

"मत जाओ," ती म्हणाली. "वो कर लेगा."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसच्या टपावर माझा जॅक, फळ्या आणि सामानाची पेटी होती.

अंगणात गाडी उंच करायची तर नुसत्या जॅकवर विसंबायचं नसतं. माणूस खाली असताना जॅक सुटला तर संपलं. आम्ही रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे थर रचले, त्यावर गाडी बसवली, हलवून पाहिली. मग दोघं गोणपाटावर आडवे झालो. वर गाडीचं पोट, तोंडावर माती आणि तेल. डावीकडे मी, उजवीकडे गजानन. गिअरबॉक्सचे नट मी सांगत होतो, तो सोडत होता. एवढ्या जवळून मी त्याला पहिल्यांदाच पाहत होतो. त्याच्या कानात अजून कापसाचा बोळा होता. जिनिंगच्या आवाजाची सवय.

तेवढ्यात बाईंनी स्टूल आणून गाडीजवळ ठेवला आणि तुरीच्या शेंगा सोलत बसल्या. मला फक्त त्यांचे पाय आणि सुपाची कड दिसत होती.

"हं, गजाननभाऊ," त्या म्हणाल्या. "मग त्या दिवशी भोंग्याचं काय झालं सांगत होते?"

गजानन नट सोडता सोडता बोलू लागला.

"साहेबांले भोंग्याचा भेव होता, बाई. तुम्हाले खरं नाही वाटन. भोंगा वाजवाचा हुकूम त्याहीनंच द्यायचा, अन् वाजला का खुर्चीतून असे उडत. सगळे लेबर हासत. मंग मी एक काम केलं. भोंगा वाजवाच्या आधी खिडकीतून लाल फडकं हालवो. साहेब फडकं पाह्यत, टेबल धरून बसत, अन् भोंगा वाजला का असे पाहत का जसं काई झालंच नाही. एक दिवस मी सुट्टीवर होतो न, तर सारी शाई कागदावर!"

बाई हसत होत्या. इतक्या हसल्या की शेंगा सोलणारे हात थांबले. "घरी तर किती कडक होते," त्या म्हणाल्या. "भोंग्याला घाबरायचे?" आणि मग आवाज बदलून, "आणखी?"

गजानन सांगत गेला. जेवणाच्या सुट्टीत साहेब कापसाच्या ढिगाला टेकून कसे झोपत आणि मिशीत सरकी अडकलेली घेऊन कसे उठत. बाईंनी दिलेला डबा वजनकाट्यावाल्या म्हाताऱ्याला अर्धा देऊन घरी कसं सांगत की सगळा संपवला. बाई एकेक ऐकत होत्या, मधूनच विचारत होत्या. दिवसभर साहेब बोरीच्या घरात नसायचे. ते दिग्रसला असायचे. ते सगळे दिवस बाईंनी पाहिलेलेच नव्हते आणि ते गजाननजवळ होते.

तेव्हा मला हॉर्न, कडी आणि वायपर समजले. ताटलीतला थेंबही समजला.

कामात तो माझ्याहून सरस असता तर मी आणखी शिकलो असतो, चांगली हत्यारं आणली असती, काहीतरी केलं असतं. या गोष्टीत मी त्याची बरोबरी कुठून करणार? मी गाडी घेऊन जायचो. आठवड्याने चकचकीत करून परत पाठवायचो. बाईंच्या अंगणात मी चहा पिण्यापुरताच बसलो होतो. माझ्या मनात जे होतं त्याला मत्सर म्हणा, जलन म्हणा, ते गेलं नाही. उलट पहिल्यांदाच त्याला कारण सापडलं. लोक सांगतात तशी आमची त्या दिवशी दोस्ती झाली, असं लिहायला मला आवडलं असतं. झाली नाही. पण गिअरबॉक्स छातीवर घेऊन उतरवताना त्याने "सोडू का?" विचारलं आणि मी "सोड" म्हणालो, तेव्हा आम्ही एकमेकांवर भरवसा ठेवला, एवढं खरं.

क्लच काढला, मोठं चाक काढलं. मागचं सील कडक होऊन फाटलं होतं, माझ्या सांगण्याप्रमाणेच. मी ते काढून गजाननला दाखवलं. तो म्हणाला, "हौ, गेलं होतं." बस, एवढंच. नवीन सील मी तेल लावून बसवलं, चहूबाजूंनी सारखं ठोकत. जेवणं झाली. भाकरी, वांग्याची भाजी आणि ताज्या तुरीच्या दाण्यांची आमटी. दुपारनंतर गिअरबॉक्स परत चढवला. आता क्लचची तार जुळवायची होती. त्यासाठी कुणीतरी वर बसून पायाने क्लच दाबायचा असतो. गजानन खाली राहिला, मी दाराशी उभा, आणि बाई सीटवर बसल्या. त्यांनी खालची कडी ओढून सीट पुढे सरकवली. ती सरकत सरकत पार स्टिअरिंगजवळ आली.

"ही सीट इतकी पुढे येते म्हणून बरं," बाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुठल्या गाडीत माझा पायच पुरत नाही. तुम्ही मला शिकवताना करून दिलं होतं न हे, यूसुफभाऊ?"

"मी नाही जी," मी म्हणालो. "थे साहेबांनी करून घेतलं."

"साहेबांनी?"

"गाडी घेतली तेव्हाच."

बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. मला वाटलं होतं त्यांना ठाऊक असेल. इतक्या वर्षांत विषयच निघाला नव्हता.

मी सांगितलं. साहेब गाडी घेतल्यावर पहिल्यांदा माझ्याकडे आले ते इंजिनासाठी नाही, सीटसाठी. म्हणाले, सीटच्या पट्ट्या पुढे वाढव, जेवढ्या वाढतील तेवढ्या. साहेब उंच माणूस. मी म्हटलं, साहेब, तुम्हाले त मागं पाहिजे, पुढं कायले? त्यांनी खिशातून एक सुताची दोरी काढली. तिला दोन गाठी होत्या. बाई ड्यूटीवर सायकलने जायच्या. साहेबांनी त्या सायकलच्या सीटपासून पायडलपर्यंतचं माप त्या दोरीने घेतलं होतं.

"मी इचारलं, साहेब हे कोनाचं माप? त म्हने, घरचीचं. थे चालवन एक दिवस. आत्ताच म्हटलं त नाही म्हनन. तिच्या मनात येईन तवा सीट तयार असली पाहिजे. मंग बसून पाह्यतो म्हने. अन् बसले बाई, एवढे उंच, सीट पार पुढं घेऊन! दोन्ही गुडघे स्टिअरिंगमधी अडकले. मी पाय धरून बाहेर काढलं त्याहीले. हासत होते. म्हने, मापात आहे."

बाईंचा पाय क्लचवर तसाच दाबलेला होता. हात सीटखालच्या कडीवर गेला आणि तिथेच राहिला. मग त्या म्हणाल्या, "मला वाटायचं, मी गाडी शिकले हे त्यांना कधी कळलंच नाही."

गाडीखालचा पान्याचा आवाज थांबला होता. गजानन घसरत बाहेर आला, गोणपाटावर उठून बसला आणि रुमालाने हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"हे साहेब मले कधीच नाही बोलले," तो म्हणाला. "रोज सोबत राहो, पन हे नाही बोलले."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा माझ्या चांगला ओळखीचा होता. गेली दोन-अडीच वर्षं दाढी करताना आरशात मी तोच पाहत होतो.

"अजून काय काय म्हणायचे तुमच्यापाशी?" बाईंनी विचारलं आणि गाडीतून उतरून स्टूल माझ्याकडे वळवून बसल्या.

मी पायरीवर टेकलो. सुचत नव्हतं असं नाही. गॅरेजमध्ये तासन्‌तास बसायचा तो माणूस. गजाननने पाना उचलला आणि पुन्हा गाडीखाली शिरला. मी सांगायला लागलो. खालून मात्र बराच वेळ काम करण्याचा आवाज काही आला नाही.